भुजंगाचा नांगर

सकाळी चूल पेटवल्यापासून गिरिजाबाईंच्या डोक्यात एकच काम होतं. पुरण नंदाबाई बघत होती, ओसरी लेक शिवकन्येनं सारवून काढली होती, पाहुण्यांना आणायला धाकटे दीर अण्णासाहेब जीप घेऊन नवीन जालन्याच्या स्टेशनावर गेले होते. गिरिजाबाईंच्या वाट्याला उरलं होतं ते सगळ्यांत अवघड. सुपारी फुटेपर्यंत नवऱ्याचं तोंड बंद ठेवायचं.

एरवी तातेराव हा बोलणारा माणूसच नव्हे. दिवसाकाठी बैलांशी चार शब्द आणि बायकोशी दोन, एवढ्यावर त्यांचं भागायचं. पण घरात सोयरीक जुळायला आली की सुपारी फोडण्याआधी त्यांना एक वाक्य बोलावंच लागे. त्यांचे वडील ते बोलले होते, आजा बोलला होता. 'आमच्या घरानं नांगर तोडलेला हाय, ठाऊक असू द्या.'

जवळपासच्या सोयऱ्यांना ते ठाऊक होतंच. ते 'ठाऊक हाय' म्हणत आणि सुपारी फुटे. या घराचा मूळ पुरुष भुजंगराव कोकणात शंखकोट नावाच्या दर्यातल्या किल्ल्यावर नोकरीला होता. फिरंग्यांनी कोटाला वेढा घातला, कोटावरचं धान्य सरत आलं, आणि किनाऱ्यावरची जमीन कसून कोटाला दाणा पुरवायचं काम ज्याच्याकडं होतं त्या भुजंगानं नांगर मोडून टाकला आणि तो निघून गेला. कोट उपाशी मेला. घरात सांगत आले ते एवढंच. तेव्हापासून या घरातला पुरुष सालाचं पहिलं तास, नांगराची पहिली ओळ, स्वतःच्या हातानं काढत नसे. पाडव्याला शेजारचे रखमाजी यायचे, पहिलं तास ते काढायचे आणि मग तातेराव नांगराच्या रुमण्याला हात लावायचे. आपल्याच रानात, पिढ्यान्‌पिढ्या.

गिरिजाबाईंनी सून म्हणून आल्यापासून ही रीत निमूट पाळली होती. मागच्या वर्षापर्यंत. मागच्या वर्षी शिवकन्येला अंबडकडचं चांगलं स्थळ आलं होतं. तातेराव ते वाक्य बोलले आणि मुलाचा बाप उठलाच. दुष्काळाची झळ अजून अंगावर असताना नांगर तोडणाऱ्या घरची पोरगी कोण करील, असं तो वेशीपर्यंत बोलत गेला. पोरीनं त्या दिवशी काही न बोलता पाहुण्यांच्या कपबशा धुतल्या होत्या. गिरिजाबाईंना तो कपबशांचा आवाज अजून ऐकू यायचा.

आणि आज तर पाहुणे शंखकोटासमोरच्याच किनाऱ्याचे.

"आबांना सांगितलंस का माय, गप ऱ्हायला?" देवानंद स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. आरमारातली नोकरी, एकाहत्तरच्या लढाईत बोटीवर होता, पण या घडीला त्याचा चेहरा शाळेत मार बसणाऱ्या पोरासारखा झाला होता.

"सांगून ऐकत्यात का ते? तूच सांग. तुझं लगीन हाय."

"मी साळव्याच्या बरुबर पाच साल बोटीवर काढले. त्याच्या गावाचं नाव ऐकलं तवाच माझे कान उभे राह्यले. पर कोटाचा विषय निघाला की मी उठून जायचो. त्याला वाटतं मला किल्ल्यांचा कंटाळा हाय." देवानंदनं आवाज खाली आणला. "माय, त्याची भैन प्रभावती झाली तर झाली. न्हाई तर मला लगीन करायचंच न्हाई. तुला मागंच सांगितलंय."

"आन् तुमचे काका?" नंदाबाईनं पुरणातून डोकं वर न काढता विचारलं. ही अण्णासाहेबांची बायको, पण गेल्या आठ दिवसांत ती जावेच्या बाजूला येऊन बसली होती. अण्णासाहेबांना बियाण्याच्या धंद्यातल्या आपल्या भागीदाराची मुलगी देवानंदला करायची होती. नंदाबाईला त्या भागीदाराची बायको मुळीच चालत नव्हती. ती एकदा नंदाबाईच्या वांग्याच्या भाजीला हसली होती, आणि तो हिशोब अजून बाकी होता.

"काकाला ह्या रिवाजाची लाज वाटते," देवानंद म्हणाला. "शहरात राहून राह्यलो, असलं गावंढळ काय बोलता, म्हनतो."

"लाज वाटायची," नंदाबाई म्हणाली. "काल रात्री मलाच विचारलं, दादा बोलतील ना बराबर? विसरनार न्हाईत ना? मी म्हनलं, आता का पुळका आला रिवाजाचा? आक्का, तुमी ध्यानात घ्या. दादांनी बोलावं म्हनून त्येच टपून बसलेत."

गिरिजाबाईंनी ध्यानात घेतलं. जो रिवाज मोडायला निघाला होता तो आता पाळायला निघाला होता, आणि जिनं जन्मभर पाळला ती मोडायला बसली होती. त्यांना स्वतःचं हसू आलं आणि तव्यावरची पोळी करपली.

कोपऱ्यात शिवकन्या तबकात सुपाऱ्या मांडत होती. ती हळूच म्हणाली, "आबांना बोलू दे, माय."

"तू म्हनतीस हे?"

"मीच म्हनते. लपवून गेले असते तर त्या घरी रोज भ्यात बसले असते, आज कळंल, उद्या कळंल म्हनून. त्यापेक्षा कपबशा धुतलेल्या बऱ्या."

गिरिजाबाईंना पोरीचा अभिमान वाटला आणि रागही आला. पण तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला आणि अभिमान, राग दोन्ही बाजूला ठेवावे लागले.

पाहुणे दोघंच होते, प्रभावतीचे वडील दाजीबा साळवी आणि त्यांची बायको. दाजीबा उंच, काळे, हसरे, मांडीवर थाप मारून बोलणारे. आल्या आल्या त्यांनी नारळांचं पोतं ओसरीवर उतरवलं आणि गोदावरीकडं बोट दाखवून म्हणाले, "काय ओ, ही तुमची खाडी म्हणायची का?" सगळे हसले. गिरिजाबाईंना माणूस एकदम आवडला. आवडला म्हणून भीती आणखी वाढली.

जेवणं झाली. येसराच्या आमटीनं दाजीबांच्या नाकातोंडातून पाणी आलं तरी त्यांनी पुन्हा मागून घेतली. साळवीणबाईंनी गिरिजाबाईंच्या हाताला धरून सांगितलं, "आमची प्रभा चुलीला वाकडी नाही हां, पण भाकरी तिला तुम्हीच शिकवा." एवढं सगळं सरळ चाललं होतं की गिरिजाबाईंना वाटलं, आज देवच आपल्या बाजूला आहे.

मग बैठक बसली. घोंगडीवर मधोमध तबक, त्यात पानं आणि सुपाऱ्या. एका बाजूला दाजीबा, दुसऱ्या बाजूला तातेराव, त्यांच्या उजवीकडं अण्णासाहेब आणि डावीकडं रखमाजी. बायका आतल्या दाराशी.

गिरिजाबाईंनी पहिला उपाय काढला. चुना-कात सढळ घातलेला भलामोठा विडा त्यांनी शिवकन्येच्या हातून नवऱ्याला धाडला. तोंड भरलं की बोलणार कसे? तातेरावांनी विडा घेतला, बायकोकडं एकदा बघितलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून दिला.

मग नंदाबाईनं आतूनच हाक दिली, "दादा, म्हैस सुटली वाटतं, बघता का जरा?"

"बसा दादा, मी माणूस धाडतो," अण्णासाहेब लगेच म्हणाले. म्हैस गोठ्यात निवांत रवंथ करत होती हे त्यांना बरोबर माहीत होतं. "पाहुने खोळंबलेत. आन् दादा, आपली रीत काय ती होऊन जाऊ द्या. रीत मोडायची न्हाई बरं का."

दारामागं नंदाबाईनं कपाळाला हात लावला.

तातेरावांनी घसा साफ केला. गिरिजाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. गुडघ्यावर हात ठेवून तो पोराकडं बघत होता. या माणसालाही पोराचं लग्न हवं होतं. कदाचित सगळ्यांपेक्षा जास्त. आणि तरी तो बोलणार होता, हे त्यांना तेव्हाच कळलं. शंखकोटच्या माणसासमोर तर तो बोलणारच.

"साळवी," तातेराव म्हणाले, "सुपारी फोडायच्या आधी एक सांगायचं हाय. आमच्या घरानं नांगर तोडलेला हाय. ठाऊक असू द्या."

दाजीबा हसत होते ते तसेच थांबले. "काय तोडलाय?"

"नांगर. आमचा मूळ पुरुष तुमच्याच शंखकोटावर गेल्ता नोकरीला. फिरंग्यांच्या येढ्यात त्यानं नांगर तोडला. त्याच्यामुळं तुमचा कोट पडला. तुमच्यातले लोक मेले असतील. मी काय बोलू आता. आमी त्याच्या वंशाचे."

"नाव काय त्याचं?"

"भुजंग."

दाजीबा उठून उभे राहिले.

देवानंदनं डोळे मिटून घेतले. अण्णासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि दुःखी चेहरा केला, तो काही फारसा जमला नाही. गिरिजाबाई चौकटीला धरून होत्या. वेशीपर्यंत बोलत गेलेला तो अंबडचा माणूस त्यांना आठवला आणि त्या मनात म्हणाल्या, जा बाबा, पण बोलू नको, एवढं कर.

दाजीबा दाराकडं गेलेच नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी विचारलं, "तातेराव, तुमच्याकडं नांगर कशाला म्हणतात ओ?"

प्रश्न येडपटच होता. रखमाजींनी अंगणाकडं बोट केलं. परवाच्या पाडव्यासाठी धुऊन, फाळ घासून भिंतीला नांगर टेकवून ठेवला होता. "ह्ये काय. दुसरं कशाला म्हंतील?"

दाजीबांनी त्या नांगराकडं बघितलं. मग ते मटकन खाली बसले आणि बायकोला हाक मारली, "अगो, ऐकतेस काय? घाटी भुजंग सापडला. ह्यांच्या घरात सापडला. आणि हे लोक समजतात त्यानं जमीन नांगरायचा नांगर तोडला." बोलता बोलता ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साळवीणबाई आतून धावत येऊन सरळ पुरुषांच्या बैठकीत उभ्या राहिल्या.

"आमच्याकडं नांगर म्हणजे गलबताचा नांगर," दाजीबा म्हणाले. "दोराला बांधून पाण्यात सोडतात तो. गलबत वाहून जाऊ नये म्हणून."

"लंगर," देवानंद एकदम ओरडला. "आबा, लंगर. आमी बोटीवर लंगर म्हंतो." मग त्यानं स्वतःच्याच डोक्यावर चापट मारून घेतली. "शाळेच्या पुस्तकात होतं की. गलबतानं किनाऱ्याला नांगर टाकला. मला वाटायचं, बोटीवरून नांगर न्हेत आसतील आन् जड झाला म्हनून टाकून देत आसतील."

"मास्तरला इचारायचं न्हाई?" रखमाजी म्हणाले.

"मास्तरला तरी कुठं ठावं होतं."

तातेराव अजून गुडघ्यावर हात ठेवूनच बसले होते. "मला समजंल असं सांगा," ते म्हणाले. "सावकाश."

सावकाश सांगणं दाजीबांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी पाण्याचा तांब्या ओढून घोंगडीच्या टोकाला ठेवला. "हा शंखकोट. चारी बाजूंनी दर्या. फिरंगी इथं, इथं आणि इथं." तबकातली पानं तांब्याभोवती पडली. मग त्यांनी सुपाऱ्या उचलल्या आणि घोंगडीच्या घडीत एका ओळीनं मांडल्या. "ही खाडी. ह्यात आपली गलबतं लपलेली. पोटात दाणा आणि दारूगोळा. काळोखात ओहोटीबरोबर कोटाला जाऊन लागायचं असा बेत. गलबतांवर तांडेल, खलाशी, सगळे दमून आडवे झालेले. पहाऱ्याला कोण? तर घाटावरचा एक गडी, ज्याला पोहता येत नाही, गलबतावरचं काम येत नाही. म्हणून छोट्या होडीत बसवला, गलबतांना फेऱ्या मारत ऱ्हा म्हणून."

"भुजंग," शिवकन्या म्हणाली. ती कधी दारातून पुढं आली कोणालाच कळलं नव्हतं.

"भुजंग. आणि फिरंग्याला चाहूल लागली. त्यानं खाडीच्या वरच्या अंगाला गवतानं भरलेली होडकी पेटवून दिली सोडून. ओहोटी लागलेली. आग पाण्याबरोबर खाली येतेय, आणि गलबतं नांगराला बांधलेली. नांगर वर ओढायचा म्हणजे माणसं उठणार, हात लावणार, आणि तेवढ्यात सगळं जळून कोळसा होणार. मग ह्यानं काय केलं? बोंब ठोकली आणि कुऱ्हाड घेतली. होडी गलबताच्या नाकाशी घातली आणि नांगराचा दोर तोडला." त्यांनी एक सुपारी बोटानं पुढं ढकलली. "हे गलबत सुटलं. ओहोटीनं नेलं. मग दुसरं. मग तिसरं. खलाशी डोळे चोळत सुकाणू धरतायत आणि गलबतं आगीच्या पुढं पळतायत."

सुपाऱ्या घोंगडीवरून घरंगळत तांब्याकडं गेल्या. रखमाजी गुडघ्यांवर उठून बसले होते. अण्णासाहेबसुद्धा पुढं सरकले होते, आणि भागीदाराची मुलगी त्यांच्या चेहऱ्यावर कुठं दिसत नव्हती.

"फिरंग्याला वाटलं गलबतं नांगरावर जळतील. ती त्याच्या दोन जहाजांमधून निसटून कोटाला जाऊन लागली. कोट पडला म्हणता तुम्ही? कोट उभा ऱ्हायला, तातेराव. त्या दाण्यावर पावसाळा काढला आणि वेढा उठला. आजही उभा आहे. प्रभाला विचारा, तिच्या खोलीतून दिसतो."

"आन् त्यो?" तातेरावांनी विचारलं.

दाजीबांचा आवाज उतरला. "शेवटचा दोर तोडेपर्यंत आग त्याच्यापर्यंत आली होती. गलबतं गेली, होडी मागं ऱ्हायली. त्याला पोहता येत नव्हतं." ते थोडं थांबले. "त्याचा सोबती घाटावर निरोप घेऊन गेला होता, असं आमच्याकडं सांगतात. भुजंगानं नांगर तोडला आणि तो गेला."

 सोबती खरंच आला होता. त्यानं तेच सांगितलं होतं, शब्दाला शब्द. फक्त इथं ऐकणाऱ्यांना नांगर एकच माहीत होता, आणि 'गेला' म्हणजे त्यांना वाटलं, निघून गेला.

 पितरांच्या पंधरवड्यात गिरिजाबाई दरवर्षी पानं वाढत होत्या. सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं, त्याच्याही वरच्याचं. भुजंगाचं पान या घरात कधी वाढलं नव्हतं. पळून गेलेल्या माणसाचं पान कोण वाढतं? तो आगीत आणि पाण्यात मेला होता, आणि घरच्यांनी त्याला घासभर भात दिला नव्हता. त्यांना रडू फुटलं. ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

"आमच्याकडं शिमग्याला पालखी खाडीवर येते," दाजीबा सांगत होते. "होडीला दोर बांधून ताणतात. मानकरी हाक देतो, घाटी भुजंगाचा कोणी हाय का? कोणी बोलत नाही. मग वारस येईपर्यंत आम्ही, असं म्हणून गावचा माणूस दोर तोडतो. परवाच्या शिमग्याला हाक मीच दिली. माझा आज्या द्यायचा, बाप द्यायचा. आणि तुम्ही इथं..." त्यांनी अंगणातल्या नांगराकडं हात केला.

तातेरावांनी खिशातला विडा काढला, बघितला आणि परत ठेवला. त्यांना हातांचं काय करावं समजत नव्हतं.

"मी तर पयल्यापासून म्हनत आलो," अण्णासाहेब म्हणाले, "आपल्या घरात कुठंतरी मर्दानी गोष्ट असनार. बिलकुल असनार. भाईर सोयरीक करायची तर अशीच करावी."

"सकाळधरनं पयल्यांदा बरं बोलले," आतून नंदाबाई म्हणाली.

सुपारी फुटली, पण ती शोधावी लागली. सगळ्या गलबत होऊन तांब्याखाली गेल्या होत्या. देवानंदनं घोंगडीवर पालथं पडून एक काढली आणि दोन्ही व्याह्यांनी ती फोडली. गिरिजाबाई मात्र तेव्हा आत होत्या. त्यांनी केळीचं पान धुतलं, त्यावर पुरण, येसराची आमटी, पाहुण्यांसाठी मुद्दाम केलेला भात, सगळं वाढलं. बाजूला दाजीबांच्या पोत्यातल्या नारळाचा एक तुकडा ठेवला. हे काही श्राद्धाचे दिवस नव्हते, तिथी कोणाला माहीत नव्हती. त्यांनी पान परसात नेऊन ठेवलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "जेवा मामंजी. लई येळ झाला."

तिसऱ्या दिवशी पाडवा. दिवस उगवायला सगळं घर रानात गेलं, पाडव्यापर्यंत ठेवून घेतलेले पाहुणेही गेले. रखमाजींनी नेहमीप्रमाणं बैल जुंपले, नांगर बांधावरून आत घेतला, रुमण्याला हात घातला आणि मग हात काढून घेतला.

"तुमचं तुमी बघा आता," ते तातेरावांना म्हणाले. "आमच्या बापजाद्यांनी फुकट राबून दिलं. एक जेवन लागतंय."

तातेराव पुढं झाले. सारा जन्म ज्यांनी नांगर हाकला त्यांचा हात रुमण्यावर पडला आणि तिथंच थांबला. पुढची ढेकळं कोरी होती, त्यांच्या आधी कोणाचं तास पडलेलं नव्हतं. बैलांनी माना हलवल्या, तातेराव जागचे हललेच नाहीत. त्यांनी मागं वळून बायकोकडं बघितलं. गिरिजाबाईंना वाटलं, जाऊन पाठीवर हात ठेवावा, पण पाहुण्यांसमोर तसं करता येत नव्हतं.

मग बांधावरून दाजीबांनी तोंडाशी दोन्ही हात नेले आणि शिमग्याला खाडीवर देतात तशी लांबलचक हाक दिली.

"घाटी भुजंगाचा कोणी हाय का?"

हाक रानावरून नदीपर्यंत गेली. तातेरावांनी रुमणं घट्ट धरलं.

"हाय," ते म्हणाले, आणि बैल चालायला लागले.